बडोद्यातले फ्लॉपीवाले काका : जुना पीसी भंगारात घालायच्या आधी एकदा जाऊन या

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. काम एक नंबर, भाव ठीकठाक, वेळ पाळणं शून्य, फोन उचलणं त्याहून कमी. तरीपण तुमच्याकडे विंडोज ९८ किंवा त्याच्याही आधीच्या डॉसवर चालणारं काही असेल आणि बूट फ्लॉपी (जिच्यावरून पीसी चालू करतात ती जुनी चौकोनी डिस्क) चालत नाही म्हणून इन्स्टॉल अडलं असेल तर बडोद्यात मला तरी दुसरं ठिकाण माहीत नाही.

आता विचाराल २०२० नंतर फ्लॉपी कोण वापरतं. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एक चक्कर मारा मग कळेल. दादाचा तिथे छोटा कारखाना आहे, मी ऑफिस सांभाळते, म्हणजे हिशोब, बिलं आणि जे काही वायरीने चालतं ते सगळं माझ्या गळ्यात. एका मशीनला जो पीसी आहे त्यात आयएसए नावाच्या जुन्या स्लॉटमधे (कार्ड खोचायच्या खाचेत) मशीन चालवणारं कंट्रोल कार्ड बसलंय, सॉफ्टवेअर विंडोज ९८ च्या पुढे चालत नाही, नवीन मदरबोर्डवर तो स्लॉटच येत नाही, आणि मशीन मात्र ठणठणीत. मशीन बदलायचं म्हणजे किती लाख ते दादाला विचारू नका, बीपी वाढतं त्याचं. तर त्या पीसीची हार्डडिस्क गेली. दुसरी मिळाली, विंडोजची सीडी होती, कार्डाच्या ड्रायव्हरची सीडीपण कपाटात सापडली, पण त्या काळचा बायोस, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, सीडीवरून बूटच करत नाही, त्याला पहिले फ्लॉपीच पाहिजे. फ्लॉपी घातली तर स्क्रीनवर येतं "रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया, प्रेस एनी की टू रीस्टार्ट". दाबा की, परत तेच.

काकांकडे जायच्या आधी दोन दुकानं झाली, नावं घेत नाही. पहिल्याने कॅबिनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "बेन, आ तो भंगार छे, नवुं लई लो." दुसऱ्याने फ्लॉपी ड्राइव्ह मेलाय म्हणून कुठल्यातरी जुन्या पीसीतला काढून बसवला, पैसे घेतले, आणि नवीन ड्राइव्हवरपण अक्षर न अक्षर तोच मेसेज आल्यावर मदरबोर्ड गेलाय म्हणाला. वर मला म्हणे भाईला पाठवा, त्यांना समजावतो. भाईला काय समजावणार, भाईला व्हॉट्सअपवर फोटो पाठवता येत नाही.

काकांचं दुकान रावपुऱ्याहून दांडिया बाजाराकडे येताना आतल्या गल्लीत, जुन्या वाड्याच्या खालच्या खोलीत. बोर्ड नाही. कोणालाही "जुने कॉम्प्युटरवाले काका" विचारा, दाखवतात. गाडी लावायला जागा अजिबात नाही, मी अ‍ॅक्टिवावर पुढे पायाशी कॅबिनेट ठेवून नेलं आणि उतरवताना शेजारच्या दुकानातल्या मुलाने मदत केली म्हणून, नाहीतर तिथेच आडवी झाले असते. दुपारी एक ते चार बंद, ते तर अख्खं बडोदंच बंद असतं. आत शिरलं की भिंतभर सीआरटी मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फ्लॉपीचे डबे अगदी वरच्या फळीवर. वर का, तर २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हापासून खाली काही ठेवत नाहीत.

मला जे आवडलं ते हे, की त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातातच घेतला नाही. पीसी चालू केला, मेसेज वाचला आणि विचारलं, "अगं ही फ्लॉपी फॉरमॅट कुठल्या कॉम्प्युटरवर केलीस?" मी म्हटलं ऑफिसच्या विंडोज एक्सपीवर, दादाच्या मित्राने करून दिली, त्याने विंडोज ९८ च्या फाइली शोधून कॉपी केल्या होत्या. काका म्हणाले, "मग ड्राइव्हला कशाला शिव्या देता? ड्राइव्हने वाचलं म्हणून तर हे अक्षर दिसतंय."

म्हणजे कसं, की तो मेसेज बायोसचा नाहीच. फ्लॉपीचा जो पहिला सेक्टर असतो, ५१२ बाइटचा, बूट सेक्टर, त्यातच तो लिहिलेला असतो. बायोस तो सेक्टर वाचतो, शेवटी ५५ एए ही खूण आहे का बघतो, आणि पुढचा कारभार त्या सेक्टरच्या हवाली करतो. फ्लॉपी एक्सपीवर फॉरमॅट केली तर तो सेक्टर एनटीएलडीआर नावाची फाइल शोधतो, विंडोज ९८ वर केली असती तर आयओ.एसवायएस शोधली असती. आमच्या फ्लॉपीत आयओ.एसवायएस होती, कमांड.कॉम होती, सगळं होतं, पण शोधणारा भलत्यालाच शोधत होता. नुसत्या फाइली कॉपी करून बूट फ्लॉपी होत नाही, ती फॉरमॅट ए: /एस ने किंवा एसवायएस कमांडने करावी लागते, नाहीतर विंडोज ९८ मधूनच स्टार्टअप डिस्क बनवायची. एवढं साधं, आणि दुसऱ्या दुकानवाल्याने यावर ड्राइव्ह बदलला!

बरं एक्सपीत फॉरमॅटच्या खिडकीत "एमएस-डॉस स्टार्टअप डिस्क" असा एक चौकोन असतो, तो टिक केला तर बूट होते, पण त्यात सीडीचा ड्रायव्हर नसतो. ए: चा प्रॉम्प्ट येतो आणि सीडी काही दिसत नाही. असे फसलेले लोक काकांकडे बरेच येतात म्हणे.

मेसेज वाचायचं त्यांचं शास्त्रच आहे, मी डायरीत लिहून घेतलं कारण पुढच्या वेळी मलाच लागणार. "इन्व्हॅलिड सिस्टम डिस्क" किंवा जुन्या डॉसचं "नॉन-सिस्टम डिस्क ऑर डिस्क एरर" आलं तर फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचला गेला, गडबड पुढच्या फाइलींत. "फ्लॉपी डिस्क फेल ४०" आलं तर तो बायोस बोलतोय, फ्लॉपी आत असो नसो, केबल किंवा ड्राइव्ह किंवा बायोसमधली सेटिंग बघा. "डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टम डिस्क" आलं तर बायोसला बूट करण्यासारखं काहीच सापडलं नाही. आणि ड्राइव्हची हिरवी लाइट पीसी चालू केल्यापासून जी लागते ती बंदच होत नाही, तर केबल उलटी लागलीये, फ्लॉपीचा काही दोष नाही. फ्लॉपीची केबल ३४ पिनची, तिच्यात मधे काही तारांना पीळ दिलेला असतो, पिळाच्या पुढच्या कनेक्टरला जो ड्राइव्ह तो ए:. ज्याने आमचा ड्राइव्ह "बदलला" त्याने निदान केबल तरी सरळ लावली होती, तेवढं श्रेय देऊ.

मग काकांनी वरच्या डब्यातून स्वतःची फ्लॉपी काढली. तिची राइट प्रोटेक्टची खिडकी उघडी, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही, आणि ही फ्लॉपी ते कोणालाच विकत नाहीत, ती फक्त तपासायला. घातली, बूट झाली, मेनू आला, सीडी-रॉम सपोर्टसकट चालू कर म्हटलं, आणि अर्ध्यात ईबीडी.कॅब ही हत्यारांची गाठोडं बांधलेली फाइल उघडताना अडकली. कर्रर कर्रर आवाज आणि "अ‍ॅबॉर्ट, रिट्राय, फेल". मला वाटलं झालं, मदरबोर्डच. काका मात्र खूश! म्हणाले आता दुसरा रोग सापडला.

दुसरा रोग म्हणजे हेडवर, म्हणजे ड्राइव्हच्या फ्लॉपी वाचणाऱ्या टोकावर, बुरशी. आमच्या फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून दाखवलं त्यांनी, आतल्या तपकिरी चकतीवर पांढरट ठिपके. पावसाळे खाल्लेली फ्लॉपी. ती ड्राइव्हमधे फिरली की तो कचरा हेडला लागतो आणि मग त्यानंतर जी चांगली फ्लॉपी घालाल तीपण खरवडली जाते. म्हणून त्यांचा नियम, गिऱ्हाईकाची फ्लॉपी झाकण उघडून बघितल्याशिवाय आपल्या ड्राइव्हमधे घालायची नाही. आमचं नशीब की त्यांची टेस्टची फ्लॉपी वाचली. ड्राइव्ह काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही हेड पुसले, वरचा हेड अगदी हलक्या हाताने कारण तो वाकला की ड्राइव्ह कायमचा गेला. सुकू दिलं, परत तीच फ्लॉपी, आणि या वेळी सरळ प्रॉम्प्टपर्यंत. सीडीचा ड्रायव्हरपण चढला.

इथे मी म्हटलं चला बनवा मला एक फ्लॉपी आणि जाऊ दे. नाही. अजून एक टेस्ट. त्यांनी आमच्या ड्राइव्हवर एक फ्लॉपी फॉरमॅट केली, ती आपल्या पीसीत वाचली, मग आपल्याकडची आमच्यात वाचली. कारण काय तर ड्राइव्हचा हेड जागेवरून जरासा सरकला असेल तर तो स्वतः लिहिलेलं वाचतो पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचत नाही, आणि उलटं. मग लोक "घरी चालते दुकानात चालत नाही" करत फ्लॉप्या बदलत बसतात. आमचा पास झाला. ज्या ड्राइव्हवर इन्स्टॉल करायचं त्याच ड्राइव्हवर बूट फ्लॉपी बनवलेली उत्तम, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

फ्लॉपी मात्र महाग वाटल्या. एक तपासलेली बूट फ्लॉपी दीडशे रुपये. मी जरा कुरकुर केली तर म्हणाले सोनीने २०११ मधेच विक्री बंद केली, हा सगळा जुना साठा आहे, त्यातल्या निम्म्या मी फेकतो तेव्हा एक देतो. आणि तपासतात कसं तेपण दाखवलं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ८० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, म्हणजे एकूण २८८०. साध्या फॉरमॅटमधे दोनचार सेक्टर खराब निघाले तर विंडोज त्यांच्यावर फुली मारून पुढे जातं, फाइली ठेवायला ती फ्लॉपी चालते. पण इमेजवरून (अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेल्या एका फाइलवरून) बनवलेली फ्लॉपी असेल, म्हणजे लिनक्सवाले रॉराइट नाहीतर डीडी या प्रोग्रामने जी लिहितात ती, तिथे २८८० च्या २८८० सेक्टर चांगले पाहिजेत, कारण इमेज जशीच्या तशी उतरते, तिला कुठला सेक्टर टाळायचा ते माहीत नसतं. म्हणून "माझी फ्लॉपी तर चालते, लिनक्सची बूट होत नाही" अशी तक्रार येते. आणि काही महाभाग तर बूट.आयएमजी ही इमेजची फाइलच उचलून फ्लॉपीवर कॉपी करतात. कलाभवनची (इंजिनिअरिंग कॉलेजची) एक दोन पोरं मी बसले होते तेव्हाच आली होती, कुठूनतरी पेंटियम मिळवलाय आणि त्यावर जुनं रेडहॅट लिनक्स चढवायचंय म्हणे, त्यांनी हेच केलं होतं. काकांनी त्यांना फुकटात शिकवलं, अर्धा तास. माझं काम तिथेच पडलेलं! पोरांना शिकवलंत तर शिकवलंत, पण अहो काका, दादा तिकडे मशीन बंद करून बसलाय.

तर हा त्यांचा मोठा दोष. बोलतात. भरपूर. विंडोज २००० ला चार फ्लॉप्या लागायच्या, एक्सपीला सहा, पाचवी खराब निघाली की परत पहिलीपासून, कोणत्या बँकेत रात्रभर बसून कसं केलं, सगळं ऐकावं लागतं. ऐकायला मजा येते नाही असं नाही पण घरी भाकरी टाकायच्या असतात.

इन्स्टॉल त्यांनी स्वतः करून नाही दिलं, समोर बसवून माझ्याकडून करून घेतलं. काहींना हे आवडणार नाही, पैसे देतोय तर करून द्या ना असं वाटेल. मला आवडलं. एफडिस्कने पार्टिशन केलं, म्हणजे हार्डडिस्कचे भाग पाडले, की रीस्टार्ट करायचं, मगच फॉरमॅट, हे मला माहीत होतं. सीडीचं अक्षर मात्र माहीत नव्हतं. विंडोज ९८ ची फ्लॉपी आपली हत्यारं मेमरीत एक खोटा ड्राइव्ह बनवून त्यात उघडते, तो खोटा ड्राइव्ह हार्डडिस्कच्या नंतरचं अक्षर खातो आणि सीडी एक घर पुढे सरकते. म्हणजे हार्डडिस्क सी:, तो डी:, सीडी ई:. लोक डी: वर सेटअप टाइप करतात, "बॅड कमांड ऑर फाइल नेम" येतं, आणि म्हणतात सीडी खराब. काकांनी सीडीतला विन९८ चा फोल्डरच हार्डडिस्कवर कॉपी करायला लावला, आधी स्मार्टड्राइव्ह हा डिस्कचं काम जलद करणारा प्रोग्राम चढवून, नाहीतर डॉसमधे ती कॉपी गोगलगाय होते. सेटअप मग हार्डडिस्कवरूनच. याचा फायदा नंतर कळला, कार्डाचा ड्रायव्हर टाकताना विंडोजने सीडी मागितली तेव्हा शोधाशोध नाही, सगळं घरातच.

बायोसमधे आणखी दोन गोष्टी निघाल्या. सीएमओएसची, म्हणजे बायोसच्या सेटिंग लक्षात ठेवणारी, बॅटरी संपलेली, तीच ती सीआर२०३२, त्यामुळे दर वेळी वीज गेली की बूटचा क्रम आपोआप बदलायचा. ती कोणीही बदलतं पण आधीच्या दोघांनी तारीख चुकीची दिसत असूनही बघितली नाही. आणि बूट सेक्टरमधे काही लिहिलं जाऊ लागलं की अडवणारी व्हायरस वॉर्निंग चालू होती, ती इन्स्टॉलच्या मधेच आडवी येते, ती इन्स्टॉल होईपर्यंत बंद ठेवायची.

गोटेकबद्दलपण लिहिते कारण काका तो बसवून देतात आणि पुढेमागे दादाला तोच लागणार आहे. गोटेक म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्याच मापाचा डबा, मागे तीच ३४ पिनची केबल लागते, पुढे पेन ड्राइव्ह खोचायचा, त्यातल्या इमेज फाइली पीसीला फ्लॉपी वाटतात. बुरशी नाही, हेड नाही. त्यावर फ्लॅशफ्लॉपी नावाचं फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं तर इमेज नावाने निवडता येते, नाहीतर नुसत्या नंबरावर चालवावं लागतं. काकांनी स्वतःच सांगितलं की आत्ता नको, तुमचा ड्राइव्ह चांगला आहे, उगीच कशाला खर्च. विकायला ठेवलेली वस्तू नको म्हणणारा दुकानदार मी तरी बडोद्यात फार बघितला नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हपण ठेवतात पण तो तुमच्या लॅपटॉपवर जुन्या फ्लॉप्या वाचायला, या असल्या जुन्या बायोसला त्यावरून बूट करता येत नाही हे घ्यायच्या आधीच सांगतात. एक्सपी इन्स्टॉल करताना साटाचा, म्हणजे नंतरच्या प्रकारच्या हार्डडिस्कचा, ड्रायव्हर एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यायचा असेल तर तिथेपण सगळे यूएसबी ड्राइव्ह चालत नाहीत, ठराविकच चालतात, तेव्हा विचारून घ्या.

खर्चाचं सांगायचं तर तपासणी अडीचशे, रोग सापडो न सापडो, हे आधीच बोलून घेतात. हेड साफ करणं त्यातच धरलं. दोन बूट फ्लॉप्या तीनशे, एक वापरायला एक कपाटात. बॅटरीचे वेगळे. दुसऱ्या दुकानात ड्राइव्हपायी जे गेले त्यापेक्षा हे एकूण कमीच झालं. क्यूआर लावलाय. बिल हाताने लिहून देतात, जीएसटीचं बिल पाहिजे असेल तर विसरा, मला एंट्री कुठे टाकायची ते कळेना, शेवटी परचुरणमधे घातली.

फोनचं काय सांगू. नंबर दाराच्या आत खडूने लिहिलाय, पण उचलत नाहीत, सरळ जायचं. कारखान्यावर येत नाहीत, कितीही पैसे देतो म्हटलं तरी. आणि एकाच दिवसात होईल अशी आशा ठेवू नका, मला कॅबिनेट तिथेच सोडावं लागलं होतं, तेव्हा हार्डडिस्क काढून घरी ने म्हणाले, दुसऱ्याचा डेटा मी रात्री सांभाळत नाही. कारखान्याच्या ड्रॉइंगा ज्यात असतात त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

जाताना काय न्यायचं ते लिहून ठेवते. कॅबिनेट अख्खं न्या, नुसता ड्राइव्ह नेऊ नका, केबल आणि बायोस त्यांना बघावाच लागतो. विंडोजची सीडी आणि तिची की, कार्डाचे ड्रायव्हर, आणि जी फ्लॉपी चालत नाही ती नक्की, फेकून देऊ नका, तिच्यावरूनच त्यांना अर्धं कळतं. स्क्रीनवर जे येतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा, "काहीतरी इंग्लिशमधे एरर येतो" असं सांगितलंत तर परत पाठवतील, एका माणसाला माझ्यासमोर पाठवलं. कीबोर्ड मॉनिटर त्यांच्याकडे आहे. सकाळी दहा साडेदहाला पोचलात तर एकच्या आत नंबर लागतो, नाहीतर गल्लीच्या तोंडाशी सेव उसळ खा आणि चार वाजायची वाट बघा. नवरात्रात संध्याकाळी लवकर बंद, आणि उत्तरायणचे दोन दिवस तर जाऊच नका, तेव्हा काका गच्चीवर असतात.